आधी नाव सांगा, मग ऐकू

१९८७ साली पश्चिम जर्मनीत एका नव्या बँडचा पहिला अल्बम आला. बँडचं नाव मेकाँग डेल्टा, अल्बमचंही तेच. वादकांची यादी अशी: बास गिटारवर ब्यॉर्न एक्लुंड, ड्रम्सवर गॉर्डन पर्किन्स, गिटारवर रोल्फ स्टाइन आणि व्हिन्सेंट सेंट जॉन, गायक काइल. यादी वाचून वाटतं, एक स्वीडनचा, एक इंग्लंडचा, एक भलतीकडचा, असे पाच जण कुठल्या तरी विमानतळावर भेटले आणि बँड काढून मोकळे झाले. प्रत्यक्षात यातलं एकही नाव जन्मदाखल्यावरचं नव्हतं. आपण कोण आहोत हे सांगायचं नाही, असं ठरवून त्यांनी ही रेकॉर्ड बाजारात आणली होती.

आज हा अल्बम इंटरनेटवर शोधा. पहिल्या दोन-तीन ओळींत काय सापडतं? खरी नावं. कोण कोणत्या बँडमधून आला, कोण पुढे कुठे गेला, कोणाची कंपनी होती. ज्या रेकॉर्डने नावं लपवली, तिची ओळख आज नावांनीच करून दिली जाते. संगीत कसं आहे, हे त्यानंतर. कधीकधी तेही नाही.

माझं भांडण या सवयीशी आहे. ती फक्त मेटलवाल्यांची नाही. 'आधी चेहरा दाखवा, गोष्ट सांगा, तुमचा प्रवास सांगा, मग बघू तुमचं गाणं' ही आज सगळ्याच कलांची प्रवेश परीक्षा झाली आहे. मेकाँग डेल्टाच्या पहिल्या अल्बमने ही परीक्षा द्यायला नकार दिला आणि तो नकार किती बरोबर होता, हे मला या लेखात सांगायचं आहे. खरी नावंही सांगेन, पण मध्यावर. तोवर कळ निघत नसेल आणि दुसऱ्या टॅबमध्ये शोधायला गेलात, तर हा लेख कुणाविरुद्ध लिहिलाय ते आपोआप कळेल.

आधी कानांचं काम

थ्रॅश मेटल म्हणजे काय, हे ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला काही पोरांनी हेवी मेटल घेतलं आणि त्याला पंकचा वेग दिला. गिटारच्या तारा तळहाताने दाबून धरायच्या आणि वरून भराभर वाजवायच्या, म्हणजे सूर रेंगाळत नाही. ठक ठक ठक असा तुटक मारा होतो. खाली ड्रमर दोन्ही पायांनी धावत असतो. अमेरिकेत १९८३ मध्ये मेटालिकाचा 'किल एम ऑल' आला आणि बघता बघता हे लोण सगळीकडे पसरलं. जर्मनीत एसेनचा क्रिएटर, गेल्सनकिर्खनचा सोडम, असे बँड रुरच्या कोळसा-पोलाद पट्ट्यातून उभे राहिले. त्यांचं संगीत खरखरीत, रागीट आणि सरळ होतं. सरळ हे दूषण म्हणून म्हणत नाही. 'पुढे चल आणि मार' एवढंच सांगणाऱ्या संगीतालाही ताकद लागते.

मेकाँग डेल्टा त्याच पट्ट्याच्या दाराशी, फेल्बर्ट नावाच्या गावाच्या आसपास जमला. पण त्यांचा थ्रॅश सरळ चालत नाही. चार मात्रांचं चक्र पक्कं बसलं असं वाटेपर्यंत ते मोडतं. एखादी मात्रा गळते, एखादी वाढते, रिफ अर्ध्यावर वळते आणि तुम्ही ज्या पायाने ठेका धरला होता तो पाय हवेतच राहतो. बास गिटार मागे लपून गिटारची री ओढत नाही, स्वतःचं काहीतरी बोलत असतो. त्या काळात ही सोपी गोष्ट नव्हती. पुढच्याच वर्षी, १९८८ मध्ये, मेटालिकाने 'अँड जस्टिस फॉर ऑल' काढला. त्यातला बास ऐकूच येत नाही, ही तक्रार आजही चालू आहे.

असं करणारे तेव्हा ते एकटे नव्हते. टेक्सासच्या वॉचटॉवरने १९८५ मध्ये 'एनर्जेटिक डिसअसेंब्ली' काढला होता. १९८७ मध्येच स्वित्झर्लंडच्या कॉरोनरचा पहिला अल्बम आला आणि कॅनडाचा व्हॉइव्हॉड 'किलिंग टेक्नॉलॉजी'पर्यंत पोचला. वेगाला डोकं लावायची कल्पना हवेत होती. पण या सगळ्यांत मेकाँग डेल्टाचा पहिला अल्बम विचित्र आहे, कारण तो एका घरचा वाटत नाही. एका बाजूला कच्चा, घाईत असलेला थ्रॅश. दुसऱ्या बाजूला कागदावर विचार करून लिहिल्यासारखी वळणं. आणि मधेच एकोणिसाव्या शतकातल्या रशियन पियानोचा तुकडा.

दोषही सांगतो. काइलचा आवाज उंच, ताणलेला आहे. कित्येकांना तो पहिल्याच गाण्यात नकोसा होतो, आणि त्यांना मी खोटं पाडणार नाही. काही जोड उघडे दिसतात, एका कल्पनेतून दुसरीत जाताना धक्का बसतो. याच बँडचे पुढचे अल्बम, १९८८ चा 'द म्युझिक ऑफ एरिक झान' किंवा १९९० चा 'डान्सेस ऑफ डेथ', जास्त घोटीव आहेत. तरी मला पहिलाच जवळचा वाटतो. त्यात माणसं आपल्या आवाक्याच्या थोडं पलीकडचं वाजवत आहेत, हे ऐकू येतं.

उखळात बसलेली चेटकीण

अल्बममधला तिसरा ट्रॅक आहे 'द हट ऑफ बाबा यागा'. गायन नाही, फक्त वाद्यं. मूळ रचना मोदेस्त मुसोर्ग्स्कीची, 'पिक्चर्स ॲट ॲन एक्झिबिशन' या १८७४ च्या पियानोसंग्रहातली.

बाबा यागा ही रशियन लोककथांमधली चेटकीण. तिची झोपडी कोंबडीच्या पायांवर उभी असते. ती स्वतः उखळात बसून, मुसळाने वल्हवत हवेतून फिरते. मुसोर्ग्स्कीचा मित्र व्हिक्टर हार्टमन या चित्रकार-वास्तुविशारदाने त्या झोपडीच्या आकाराचं एक घड्याळ काढलं होतं. हार्टमन १८७३ मध्ये अचानक गेला. त्याच्या चित्रांचं प्रदर्शन भरलं आणि ते पाहून मुसोर्ग्स्कीने ही रचना केली. घड्याळाच्या शोभिवंत चित्रातून त्याने चेटकिणीचं उड्डाण बाहेर काढलं. संगीतलिपीवर त्याने सूचना लिहिली आहे ती 'हिंस्रपणे' अशा अर्थाची. सुरुवातीलाच खर्जातले दणके, मग थबकणं, पुन्हा दणके. कानाला टोचणाऱ्या उड्या. मग एकदम सुसाट.

हे वर्णन पुन्हा वाचा. दणके, थबकणं, टोचणाऱ्या उड्या, सुसाट वेग. गिटारचा ॲम्प्लिफायर जन्मायला अजून अर्धं शतक होतं, पण थ्रॅशची रिफ कशी चालते याचा आराखडा इथे तयार दिसतो. मेकाँग डेल्टाला मुसोर्ग्स्कीकडे जाण्यासाठी कुठल्याही पुलाची गरज पडली नाही. ते शेजारच्या घरात गेले.

इथे एक सापळा आहे आणि मेटलचे चाहते त्यात हौसेने पाय टाकतात. कुणी म्हणालं की 'हे काय, नुसता गोंगाट', की आपण घाईघाईने म्हणतो, 'अहो, यात शास्त्रीय संगीत आहे! मुसोर्ग्स्की आहे! विषम मात्रा आहेत!' आपल्याकडे हा युक्तिवाद घरोघरी चालतो. गाणं चांगलं का, तर ते अमुक रागावर आधारित आहे. जणू यमनचा शिक्का बसला की गाण्याला रेशनकार्ड मिळालं. सात मात्रांचा रूपक आणि दहा मात्रांचा झपताल ज्या समाजाच्या कानावर शतकानुशतकं आहे, त्याने विषम ठेक्याला घाबरू नये, हे खरंच. पण मेटलला तालाचं प्रमाणपत्र दाखवून आत घ्या असं सांगणं म्हणजे मेटलचाच अपमान. मुसोर्ग्स्की वाजवला म्हणून हा अल्बम मोठा, हे वाक्य म्हणजे शेवटी घराणं विचारणं. चेहऱ्याऐवजी वंशावळ, एवढाच फरक.

मजा अशी की ज्या मुसोर्ग्स्कीचं नाव आपण आज प्रमाणपत्र म्हणून मिरवतो, त्याच्याकडेच प्रमाणपत्र नव्हतं. तो सरकारी कचेरीत कारकुनी करून जगला, संगीताचं रीतसर शिक्षण त्याला मिळालं नव्हतं आणि त्याचं लेखन ओबडधोबड मानलं जाई. १८८१ मध्ये तो गेल्यावर रिम्स्की-कोर्साकोव्ह या त्याच्या सुशिक्षित मित्राने त्याच्या रचना दुरुस्त करून छापल्या. 'पिक्चर्स' छापील रूपात आलं ते १८८६ मध्ये. आपल्या ऑर्केस्ट्रांना ठाऊक असलेला झगमगीत अवतार तर मॉरिस रावेलचा, १९२२ चा. म्हणजे मुसोर्ग्स्कीलाही आत यायला आधी कुणाची तरी ओळख लागली.

आता ती नावं

ब्यॉर्न एक्लुंड म्हणजे राल्फ ह्यूबर्ट. बासवादक, संगीतकार आणि ज्या आर्ग रेकॉर्ड्सने हा अल्बम काढला, त्या कंपनीचा कर्ताधर्ता. गॉर्डन पर्किन्स म्हणजे यॉर्ग मिखाएल, तेव्हा रेज या बँडचा ड्रमर. रोल्फ स्टाइन आणि व्हिन्सेंट सेंट जॉन म्हणजे फ्रँक फ्रिके आणि रायनर केल्श, दोघेही फेल्बर्टच्याच लिव्हिंग डेथ या बँडचे गिटारवादक. काइल म्हणजे वोल्फगांग बोर्गमन.

आता १९८७ च्या जर्मन मेटल श्रोत्याच्या जागी उभे राहा आणि अल्बमवर ही खरी नावं छापलेली आहेत असं समजा. लिव्हिंग डेथ म्हणजे खडबडीत, बेलगाम वेगाचा बँड. 'लिव्हिंग डेथवाले मुसोर्ग्स्की वाजवणार? चला, गंमत बघू.' रेकॉर्डवर सुई टेकायच्या आधी निकाल लागला असता. लिव्हिंग डेथचे चाहते म्हणाले असते, ही पोरं शिष्ट झाली. गंभीर संगीतवाले म्हणाले असते, ही पोरं ऐपतीबाहेर गेली. दोघांनीही ऐकलं काहीच नसतं; नावाला उत्तर दिलं असतं.

टोपणनावाने हे दोन्ही दरवाजे बंद केले. पर्किन्स नावाच्या कुण्या अज्ञाताकडून काय अपेक्षा ठेवायची? काहीच नाही. मग ऐकण्यावाचून गत्यंतर उरत नाही.

या कथेतला व्यवहारही लपवायला नको. ही माणसं दुसऱ्या बँडांत होती, तेव्हा करारमदारांची अडचणही नावं झाकण्यामागे असणारच. आणि कंपनीच ह्यूबर्टच्या हातात असल्यावर त्याच्याकडे प्रसिद्धीसाठी फोटो मागणार कोण? अनामिक राहण्याची चैन त्याला परवडली, कारण दुकान त्याचं होतं. आज बेडरूममध्ये गिटार रेकॉर्ड करणाऱ्या पोराला किंवा पोरीला ही चैन नाही. त्यांच्यापुढे एक यंत्र बसलेलं आहे. ते म्हणतं, तोंड दाखव, पहिल्या तीन सेकंदांत दाखव, रडून दाखव, नाहीतर तुझं गाणं कुणापर्यंत पोचणार नाही. म्हणून रील बनवणाऱ्यांवर माझा राग नाही. पोटासाठी जो तो आपापली दिंडी धरतो. राग आहे तो आपल्यावर, ऐकणाऱ्यांवर, कारण ते यंत्र आपल्याच अंगठ्याकडून शिकलं.

मुखवटा आणि टोपणनाव

इथे कुणीतरी म्हणेल, अहो, अनामिक बँड आजही आहेत. घोस्ट आहे, स्लीप टोकन आहे, स्लिपनॉट आहे. चेहरे झाकून स्टेडियमं भरतात.

भरतात ना. पण मुखवटा म्हणजे चेहराच, जरा महागडा. तो टी-शर्टवर छापता येतो. मुखवटा घालणारा सांगत असतो, 'माझ्याकडे बघा, आणि ओळखा पाहू मी कोण!' मग चाहते गाणं सोडून गुप्तहेर होतात. घोस्टच्या टोबियास फोर्जचं नाव चर्चेत होतंच, पण २०१७ मध्ये जुन्या साथीदारांनी पैशांवरून कोर्टात खेचल्यावर ते अधिकृतपणे बाहेर आलं. स्लीप टोकनच्या सदस्यांची खरी नावं उकरून काढणं हा तर काही जणांचा पूर्णवेळ धंदा. त्याआधी किसने वर्षानुवर्षं रंगवलेली तोंडं १९८३ मध्ये टीव्हीवर धुऊन दाखवली आणि तीही बातमी झाली. न दाखवलेला चेहरा हा पुढेमागे वटवायचा धनादेश असतो.

मेटलमध्ये टोपणनावंही खूप. ब्रिटनच्या व्हेनममध्ये क्रोनॉस, मँटस आणि अबॅडन होते. पुराणातले आणि नरकातले. त्यांच्याशेजारी गॉर्डन पर्किन्स हे नाव ठेवून बघा. हा माणूस जास्तीत जास्त तुमच्या विम्याचा हप्ता थकल्याचं कळवायला फोन करेल. मेकाँग डेल्टाच्या टोपणनावांची खरी करामत इथे आहे: ती कंटाळवाणी आहेत. त्यात गूढ नाही, भीती नाही, कथा नाही. ती बघायला बोलावत नाहीत.

मराठी वाचकाला हा भेद नवा नसावा. चिं. त्र्यं. खानोलकर कवितेसाठी आरती प्रभू झाले. माणिक गोडघाटे ग्रेस झाले. जयवंत दळवींनी 'ललित' मासिकात ठणठणपाळ होऊन भल्याभल्या साहित्यिकांची टोपी उडवली. प्रत्येकाचं कारण वेगळं. पण तिन्ही ठिकाणी वाचकाला आधी मजकूर भेटतो, माणूस मागून येतो.

आणि आपल्याला याची गरज इतरांपेक्षा जास्त आहे. आपल्याकडे 'नाव काय?' या प्रश्नाला उत्तर दिलं की पुढचा प्रश्न येतो, 'पूर्ण नाव?' आडनाव कळलं की समोरच्याच्या आवाजाची पट्टी किंचित बदलते. कुठे वर, कुठे खाली. त्या एका शब्दावरून जात, गाव, तुम्ही काय वाचलं असेल, काय ऐकत असाल, सगळं ठरवून होतं. मेटलच्या चाहत्यांनी हे सोडलं असेल असं वाटतं, पण तिथेही चौकीदार आहेतच. बँडचा टी-शर्ट घातलेली मुलगी दिसली की 'पाच गाणी सांग' म्हणणारा भेटतोच. अमुक वस्तीतला मुलगा थ्रॅश ऐकतो म्हटलं की 'तुला काय कळतं रे त्यातलं?' हेही येतंच. ऐकण्याचा अधिकार आधी सिद्ध करायचा, मग ऐकायचं. ज्या समाजात नाव सांगताच अर्धा निकाल लागतो, तिथे नाव न सांगता दिलेली कलाकृती ही थोडीशी न्याय्य जागा असते.

तीन आक्षेप

पहिला आक्षेप मला स्वतःला सगळ्यात जास्त बोचतो. नाव नसणं काहींनी निवडलं, पण कित्येकांवर ते लादलं गेलं. हिंदी सिनेसंगीताच्या सुवर्णकाळात ऑर्केस्ट्रात बसणारे, संगीतलिपी लिहिणारे, वाद्यवृंद बांधणारे कितीतरी वादक गोव्याचे होते. सेबॅस्टियन डिसूझांसारख्यांनी अजरामर गाण्यांची बांधणी केली, पण रेकॉर्डवर मोठ्या अक्षरात नाव गायकाचं आणि संगीतकाराचं. व्हायोलिनवादक अँथनी गोन्सालविस हे प्यारेलाल यांचे गुरू. त्यांचं नाव देशभर पोचलं ते १९७७ च्या 'अमर अकबर अँथनी'मधल्या गाण्यामुळे, आणि ते म्हणणाऱ्यांपैकी बहुतेकांना असा माणूस खरंच होता हे ठाऊकही नसतं. अशा वेळी 'नावात काय आहे' म्हणणं हा उद्दामपणा ठरेल. माझं म्हणणं सोपं आहे. श्रेय आणि पैसा कामाचा मोबदला म्हणून चोख मिळालाच पाहिजे, नाव हवं त्याला नावासकट. ऐकण्याची पूर्वअट म्हणून नाव मागू नये. मोबदला काम झाल्यावर देतात. ओळखपत्र दारात तपासतात. ती दोन वेगळी माणसं करतात आणि आपण त्यातलं दुसरं व्हायचं कारण नाही.

दुसरा आक्षेप बँडच्याच नावावर. स्वतःची ओळख झाकणाऱ्यांनी बँडला नाव दिलं ते व्हिएतनाममधल्या त्रिभुज प्रदेशाचं. तिथल्या लोकांसाठी मेकाँगचं खोरं म्हणजे घर, भातशेती, होड्यांचा बाजार. पाश्चात्त्य पॉप संस्कृतीत त्याचा अर्थ एकच उरला: अमेरिकेचं युद्ध. अल्बममध्ये 'शिवाज रिटर्न' नावाचं गाणंही आहे, आणि मेटलमध्ये शिव म्हणजे बहुतेक वेळा विनाशाचं आखूड नाव. आपला चेहरा झाकायचा आणि दुसऱ्याचा देश, दुसऱ्याचा देव पाटी म्हणून लावायचा, हे मला खटकतं. यावर माझ्याकडे सफाईदार उत्तर नाही. एवढंच दिसतं की ज्या सवयीला मी विरोध करतो आहे, तीच इथेही काम करते: नाव ऐकलं की चित्र तयार, आत बघायची गरज नाही. बँडने माणसांच्या बाबतीत जे टाळलं, ते जागेच्या बाबतीत केलं.

तिसरा आक्षेप २०२६ मधल्या श्रोत्याचा आहे आणि तो सगळ्यात ताजा. 'चेहरा नसेल तर हे माणसाने केलंय की मशीनने, हे कळणार कसं?' प्रश्न रास्त आहे. २०२५ मध्ये स्पॉटिफायवर द व्हेल्व्हेट सनडाउन नावाचा बँड उगवला. काही आठवड्यांत त्याचे मासिक श्रोते दहा लाखांच्या घरात गेले. मग संशय, चर्चा, नकार, आणि शेवटी त्यांच्याच पानावर कबुली आली की हा कृत्रिम बुद्धिमत्तेच्या मदतीने उभा केलेला प्रकल्प आहे.

पण एक तपशील विसरू नका. त्या बँडला चेहरे होते! चार जणांचे फोटो होते, नावं होती, ओळख करून देणारा मजकूर होता. आज आपण कलाकाराकडे जे जे मागतो, ते सगळं त्यांच्याकडे पहिल्या दिवसापासून तयार होतं. नव्हता फक्त वाजवणारा. उलट मेकाँग डेल्टाकडे दाखवायला काही नव्हतं, आणि स्टुडिओत पाच जिवंत माणसं घाम गाळत होती. चेहरा हा माणूसपणाचा पुरावा कधीच नव्हता. आता तर तो सगळ्यात स्वस्तात बनणारा खोटा दस्तऐवज आहे.

इथे दोन प्रश्न वेगळे काढायला हवेत. 'कोण आहे?' हा एक प्रश्न. 'कुणी आहे का?' हा दुसरा. मेकाँग डेल्टाने पहिल्याचं उत्तर द्यायला नकार दिला; दुसऱ्याचं उत्तर त्यांच्या प्रत्येक चुकलेल्या जोडात, ताणलेल्या आवाजात, धापा टाकत गाठलेल्या समेत आहे. कान फसू शकतो, हे मान्य. मशीन उद्या धापाही टाकेल. म्हणून गाणं माणसाने केलं की यंत्राने, हे कंपन्यांनी स्पष्ट लिहावं, असा कायदा करा, मी पहिली सही करतो. पण त्या पाटीवर 'माणसांनी वाजवलं आहे' एवढं पुरे. माणसाचा बायोडाटा, त्याचं बालपण, त्याचं ब्रेकअप आणि त्याचं आडनाव त्यात कशाला?

फोन उलटा ठेवा

१९९० च्या सुमारास मेकाँग डेल्टाचं गुपित संपत आलं. १९९१ मध्ये 'लाइव्ह ॲट ॲन एक्झिबिशन' हा थेट मैफलीचा अल्बम आला, म्हणजे माणसं स्टेजवर दिसली. जग बुडालं नाही. यॉर्ग मिखाएल पुढे स्ट्रॅटोव्हॅरियससारख्या मोठ्या बँडमध्ये गेला. बाकीचे एकेक करून निघून गेले, नवे आले. ह्यूबर्ट मात्र राहिला, आणि २०२० मध्येही मेकाँग डेल्टा नावाने 'टेल्स ऑफ अ फ्यूचर पास्ट' हा अल्बम आला. नावं कळली म्हणून पहिल्या अल्बमचं संगीत एका मात्रेनेही बदललं नाही. बदलली ती फक्त ऐकणाऱ्यांची पद्धत.

ती परत बदलता येते, आणि त्याला खर्च काही नाही. हा अल्बम पाऊण तासाच्या आत संपतो. तेवढा वेळ फोन उलटा, स्क्रीन खाली करून ठेवा. कव्हर बघू नका, विकिपीडिया उघडू नका, कुणाची रिॲक्शन बघू नका. पहिल्या गाण्यातला आवाज सहन झाला नाही, तर थेट बाबा यागापासून सुरू करा. ठेका धरायचा प्रयत्न करा, सुटेल, पुन्हा धरा. आवडलं नाही तर तसं बिनधास्त म्हणा. 'कुणाचं आहे' हे माहीत नसताना 'आवडलं नाही' म्हणणं हेसुद्धा एक प्रामाणिक मत असतं, आणि अशी मतं आपल्याकडे फार थोडी उरली आहेत.

आणि पुढच्या वेळी कुणी अनोळखी पोरगं वर्गात, लोकलमध्ये, कट्ट्यावर आपलं स्वतःचं गाणं ऐकवायला इअरफोन पुढे करेल, तेव्हा एक काम करा. पूर्ण नाव विचारू नका. इअरफोन घ्या.